साठ लाख उंबरे

मावळात, तळेगावच्या पलीकडे, नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. शिवारात आता एमआयडीसीचे कारखाने आहेत, कंपन्यांच्या बसगाड्या पाळीच्या वेळा सांभाळत येतात-जातात. पण नाव कानावर पडले की कारखान्यांच्या आधी उंबरठे दिसू लागतात. नऊ लाख उंबरठे! गाव केवढे हे सांगायचे तर माणसे मोजायची नाहीत, उंबरे मोजायचे, ही आपली जुनी रीत. आणि नऊ लाख कोणी खरोखर मोजले असतील असे मुळीच वाटत नाही. असले आकडे मोजण्यासाठी नसतातच. ती ऐट असते, आणि ऐटीला खानेसुमारी चालत नाही.

अशीच ऐट पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल क्लबाची आहे. लिस्बन शहरातल्या बेनफिका क्लबाचे चाहते सांगतात, आम्ही साठ लाख. पोर्तुगालची लोकसंख्याच मुळी एक कोटीच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत निम्म्याहून अधिक देश लाल सदऱ्याचा! स्पोर्टिंग आणि पोर्टो या प्रतिस्पर्धी क्लबांचे लोक हा आकडा ऐकून हसतात. पण हसताना तो विसरत नाहीत, यातच त्याचे काम झाले.

या साठ लाखांची सुरुवात चोवीसांनी झाली, आणि ते चोवीस मात्र मोजलेले आहेत. २८ फेब्रुवारी १९०४ रोजी लिस्बनच्या बेलेम भागात 'फार्मासिया फ्रांको' नावाच्या औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते जमले आणि 'स्पोर्ट लिस्बोआ' नावाचा क्लब निघाला. त्यातले बरेच जण 'काझा पिया' या अनाथ व गरीब मुलांच्या संस्थेत शिकलेले. बेलेम हे नाव मराठी वाचकाला परके वाटेल, पण आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. १४९७ मध्ये वास्को द गामाची गलबते हिंदुस्थानच्या वाटेला लागली ती याच किनाऱ्यावरून. त्याची कबर आज तिथल्याच जेरोनिमोस मठात आहे आणि त्या काळी काझा पियाची शाळा भरत होती तीही त्याच मठाच्या इमारतीत. ज्या धक्क्यावरून गोव्याकडे राज्यकर्ते निघाले, त्याच्या हाकेच्या अंतरावर चारशे वर्षांनी काही पोरांनी वर्गणी काढून चेंडू विकत घेतला, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

त्यांनी लाल सदरा निवडला, बोधचिन्हावर गरुड बसवला आणि 'अनेकांतून एक' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद घेतले. मैदान मात्र नव्हते. खेळाडूंना अंघोळीची, कपडे बदलण्याचीही धड सोय नव्हती. १९०६ मध्ये शहरात 'स्पोर्टिंग' हा दुसरा क्लब निघाला. त्याच्या संस्थापकाचे, जोझे आल्वालादे यांचे, आजोबा उमराव. त्यांनी जमीन दिली, पैसा दिला. पुढच्याच वर्षी लाल सदऱ्याचे आठ खेळाडू उठून तिकडे गेले. आपल्याकडे तालमीतला पठ्ठ्या दुसऱ्या वस्तादाकडे गेला तर गावात किती दिवस चर्चा चालते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. १ डिसेंबर १९०७ रोजी दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले, स्पोर्टिंगने २-१ असा विजय मिळवला, आणि ते भांडण आजतागायत मिटलेले नाही.

आठ जण गेल्यावर क्लब मोडायचाच. कोझ्मे दामियाव या तरुणाने तो धरून ठेवला. खेळाडू तो, प्रशिक्षकही तो, चिटणिसाचे काम करणाराही तोच. १९०८ मध्ये शहराच्या कडेला बेनफिका नावाच्या वस्तीतल्या एका छोट्या क्लबाशी त्याने जुळवून घेतले. त्या क्लबाकडे मैदान होते, याच्याकडे खेळाडू होते. स्थापनेची तारीख, लाल रंग आणि गरुड पहिल्याचे राहिले. दुसऱ्याचे नाव आले आणि बोधचिन्हात सायकलचे चाक आले, कारण तो क्लब सायकलशर्यतींचाही होता. फुटबॉल क्लबाच्या चिन्हात आजही गरुडामागे चाक दिसते ते या सोयरिकीचे.

आता खरी गंमत. हा क्लब कोणाचा? इंग्लंडमध्ये विचारले तर अमुक शेखाचा, तमुक अमेरिकन धनिकाचा असे उत्तर मिळते. बेनफिकाचे उत्तर महाराष्ट्रातला माणूस चटकन समजू शकतो: सभासदांचा. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखा. वर्गणी भरणाऱ्याला पोर्तुगीजमध्ये 'सोसिओ' म्हणतात. सोसिओंची सर्वसाधारण सभा भरते, हिशेबावर आरडाओरडा होतो, अध्यक्षाची निवडणूक होते, पॅनेल पडतात, एकमेकांची उणीदुणी निघतात. फरक एवढाच की आपल्याकडे एक सभासद एक मत, आणि तिथे जुन्या सभासदाच्या पदरात नव्यापेक्षा जास्त मते. २००६ मध्ये १,६०,३९८ सभासदांसाठी क्लबाची गिनेस बुकात नोंद झाली. ऑक्टोबर २०२५ मधल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ८५ हजारांहून अधिक सोसिओंनी मतदान केले. आपल्याकडच्या कुठल्या कारखान्याच्या चेअरमनला एवढी रांग बघायला मिळाली असेल?

सभासद क्रमांकाचे तर शास्त्रच आहे. काही वर्षांनी यादी नव्याने लावतात. वरचे कोणी वारले, कोणी वर्गणी सोडली, की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. मूल जन्मले की काही घरांत आधी क्लबात नाव घालतात, कारण क्रमांक जितका लवकर घ्याल तितका म्हातारपणी लहान होईल. लहान क्रमांक म्हणजे मोठा मान. वाढत्या वयाबरोबर कमी होत जाणारा आणि तरी हवाहवासा वाटणारा असा आकडा मला दुसरा माहीत नाही.

या सभासदांनी आपले मैदानही असेच उभे केले. १ डिसेंबर १९५४ रोजी 'एस्तादियो दा लुझ' उघडले, त्याच्या बांधणीसाठी लोकांनी पैसा आणि साहित्य दिले. लुझ म्हणजे प्रकाश. पण हे नाव मैदानावरच्या दिव्यांचे नाही, जवळच्या 'प्रकाशमाते'च्या चर्चचे. चेन्नईत मैलापूरला लुझ नावाचा भाग आहे, त्याचे नावही पोर्तुगीजांनी बांधलेल्या याच मातेच्या चर्चवरून पडले. २००३ मध्ये जुने मैदान पाडून शेजारी नवे बांधले, सुमारे पासष्ट हजार प्रेक्षकांचे. सामन्याआधी एक खरा गरुड वरून सुटतो, मैदानाला घिरट्या घालतो आणि मध्ये ठेवलेल्या बोधचिन्हावर येऊन बसतो.

आणि गावोगाव आहेत 'काझा दो बेनफिका', म्हणजे बेनफिकाची घरे. पोर्तुगालच्या लहान गावांत आणि पोट भरायला परदेशी गेलेल्या पोर्तुगिजांच्या वस्त्यांत अशी दोनशेहून अधिक घरे आहेत. तिथे जेवण मिळते, पत्ते चालतात, भिंतीवर जुने संघ टांगलेले असतात आणि सामन्याच्या रात्री टीव्हीसमोर अख्खी आळी बसते. क्लबाने पसरायचे ठरवले तेव्हा शाखा काढल्या नाहीत, घरे काढली. साठ लाखांचा आकडा खोटा म्हणा, पण उंबरे खरे आहेत.

चाहत्यांचे सगळेच गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. १८ मे १९९६ रोजी पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात बेनफिकाच्या एका समर्थकाने सोडलेली जळती नळी समोरच्या गर्दीत गेली आणि स्पोर्टिंगचा एक चाहता तिथेच मेला. सामना मात्र पुढे चालू राहिला. मे २०१८ मध्ये स्पोर्टिंगच्याच सुमारे पन्नास समर्थकांनी तोंडे झाकून सरावाच्या जागी घुसून स्वतःच्या खेळाडूंना मारले. घर म्हटले की घरातली मारहाणही आली, असे म्हणून हे सोडून देता येत नाही.

१९२६ पासून १९७४ पर्यंत पोर्तुगालवर हुकूमशाही होती, त्यातली बहुतेक वर्षे सालाझारची. बेनफिका हा त्याचा लाडका क्लब, असा आरोप पोर्टोवाले आजही करतात. मला तो अर्धाच पटतो. संघ जिंकू लागल्यावर सरकारने त्याचा झेंडा मिरवला, हे खरे. पण त्याच सरकारने १९४२ मध्ये क्लबाच्या गीतावर बंदी घातली, कारण त्यातला 'आवांते' म्हणजे 'पुढे चला' हा शब्द भूमिगत कम्युनिस्ट वृत्तपत्राचे नाव होता. खेळाडूंना 'लाल' म्हणणेही अडचणीचे, म्हणून वृत्तपत्रांनी 'एन्कार्नादो' हा सोज्ज्वळ शब्द धरला, असे सांगतात. लाल म्हणजे कम्युनिस्ट, एन्कार्नादो म्हणजे नुसताच रंग! आणि देशात धड निवडणूक होत नसताना या क्लबात अध्यक्ष मते मोजून निवडला जात होता, ही गोष्ट जुने सोसिओ फार अभिमानाने सांगतात.

क्लबाचा आणखी एक नियम होता: संघात फक्त पोर्तुगीज नागरिक. १९७८ मध्ये सभासदांनी मतदान करून तो बदलला आणि १९७९ मध्ये पहिला परदेशी खेळाडू आला. नियम ऐकायला स्वदेशी वाटतो, पण त्याची मेख वेगळीच आहे. सालाझारच्या लेखी अंगोला, मोझांबिक, गोवा हे सगळे पोर्तुगालच. त्यामुळे संघाचा कप्तान मारियो कोलुना मोझांबिकचा असला तरी तो 'देशी'. युसेबियोही मोझांबिकच्या राजधानीतला, लोरेन्सो मार्क्विसचा (आजचे मापुटो). तो तिथे स्पोर्टिंगच्या शाखा-संघात खेळत होता. बेनफिकाने डिसेंबर १९६० मध्ये त्याला लिस्बनला आणले ते चोरूनच. निरोपानिरोपीत त्याचे सांकेतिक नाव होते 'रूथ', आणि स्पोर्टिंगच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून त्याला काही दिवस दक्षिणेच्या किनाऱ्यावर लपवून ठेवले होते.

पोर्तुगाल म्हटले की आपल्याला गोवा आठवतो, म्हणून आता गोव्याकडे वळू. गोव्याला फुटबॉल पोर्तुगिजांनी दिला, असे सरसकट बोलले जाते. ते खरे नाही. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू हवापालटासाठी बार्देशातल्या शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना चेंडू लाथाडायला शिकवले. आता पोर्तुगालची तारीख बघा. मदेइरा बेटावर एका इंग्रज कुटुंबातल्या मुलाने १८७५ मध्ये खेळ आणला हे खरे, पण लिस्बनच्या परिसरात, कश्काइशला, लोकांसमोर पहिला डाव मांडला गेला तो १८८८ मध्ये. म्हणजे राजधानीच्या दारात चेंडू उसळला त्याच्या पाच वर्षे आधी शिवोलीची पोरे धुळीत लोळत होती. बेनफिका तर आणखी सोळा वर्षांनी जन्मला. धाकट्याने थोरल्याला शिकवल्याचा दाखला द्यायचा मोह होतो, पण दोघांनाही शिकवले ते इंग्रजाने.

पाद्रींच्या शाळांमधून खेळ गावागावांत गेला. चर्चपुढचे आवार, भात कापल्यावर मोकळे झालेले शेत, एवढे मैदान पुरे. फेस्ताच्या दिवसांत वाड्यावाड्यांच्या लढती. गोवेकर पोटासाठी मुंबईला आला तेव्हा चेंडू त्याच्या ट्रंकेतून आला. धोबीतलाव भागात गोव्यातल्या गावांच्या नावाने 'कुडी' होत्या: खलाशी, आचारी, वादक यांच्या राहण्याच्या जागा. एकेका गावाची एकेक कुड, थोडीशी वर्गणी, भिंतीशी ट्रंकांची रांग, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. कुडीला इंग्रजीत 'क्लब'च म्हणत. सोसिओ हा शब्द न उच्चारता तीच कल्पना इथे नांदत होती. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा होती, पुढे कूपरेजच्या मैदानाला गोवेकर प्रेक्षकांची सवय झाली. मूळ आसगावचा नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघातून खेळायचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यात तीन गोल त्याचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्याचे मूळ गाव तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते आणि तो गोल मारत होता भारतासाठी.

लिस्बनला खेळाची ताकद उशिरा उमगली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यांतल्या अनेक तुकड्या पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने धाडलेल्या. भारताने सीमा बंद केली, नाकेबंदी आली. त्याच वर्षी मोझांबिकमधला 'फेरोव्हियारिओ' हा रेल्वेचा संघ गोव्यात खेळून गेला. १९५९ मध्ये कराचीचा पोर्ट ट्रस्ट आला, त्याच वर्षी गोव्याची फुटबॉल संघटना पोर्तुगीज नावाने स्थापन झाली, आणि १९६० मध्ये खुद्द बेनफिका आला. शेजारचे दार बंद, म्हणून हजारो मैलांवरून पाहुणे. प्रजेला सांगायचे होते की तुम्ही एकटे नाही, तुमचे घर फार मोठे आहे.

पुढच्या दोन वर्षांतल्या तारखा शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. ३१ मे १९६१ रोजी बर्नमध्ये बार्सिलोनाला ३-२ हरवून बेनफिका युरोपचा विजेता झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर वासालो इ सिल्व्हा यांनी तो मोडून शरणागती पत्करली आणि माणसे वाचवली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातल्या छावण्यांमध्ये अडकून पडले. २ मे १९६२ ला ॲम्स्टरडॅममध्ये रिअल माद्रिदचा पुश्काश मध्यंतरापर्यंत तीन गोल मारून बसला असता बेनफिकाने ५-३ असा सामना फिरवला, वीस वर्षांच्या युसेबियोचे त्यात दोन गोल, आणि चषक दुसऱ्यांदा लिस्बनला गेला. छावण्यांतले सैनिक मायदेशी परतू लागले तेही त्याच मे महिन्यात. चारशे एक्कावन्न वर्षांची वसाहत गेली आणि पाठोपाठ मोझांबिकच्या दोन मुलांनी युरोपचा चषक आणला. सरकारने दोन्हींपैकी कुठली बातमी मोठ्या आवाजात सांगितली असेल, हे वेगळे लिहायला नको.

त्या विजयानंतर हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन यांनी पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही. जाताना त्यांनी शाप दिला म्हणतात: शंभर वर्षे युरोपचा चषक मिळणार नाही. त्यानंतर बेनफिका युरोपातल्या आठ अंतिम सामन्यांत हरला, शेवटचे दोन २०१३ आणि २०१४ मध्ये. १९९० चा सामना गुटमन यांना पुरले त्या व्हिएन्नातच होता. युसेबियोने कबरीवर जाऊन प्रार्थना केली, तरी हार ती हारच. शापाचे नेमके शब्द मागाहून कोणी तरी घडवले असावेत, असा माझा संशय आहे. पण हरण्यालाही गोष्ट लागते. २०१४ च्या जानेवारीत युसेबियो गेला तेव्हा तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा होता, आणि त्याची शवपेटी लुझ मैदानाला फेरी मारून नेली.

मुक्तीनंतर गोव्याने लाल सदरा घातला नाही. साळगावकर, धेंपो असे संघ उभे राहिले ते खाणमालकांच्या पैशावर. मालक बहुधा हिंदू सारस्वत, खेळाडू बहुधा सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती, आणि प्रेक्षकांत दोन्ही. १९८३ मध्ये गोव्याने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, तोही कोलकात्यात, बंगालबरोबर विभागून. पोर्तुगीज मागे उरली ती नावांत. १९९९ मध्ये 'स्पोर्टिंग क्लुब दि गोवा' निघाला. नाव लिस्बनच्या स्पोर्टिंगची आठवण करून देणारे, पण सदरा हिरवा नव्हे, भडक नारिंगी. २००४-०५ च्या राष्ट्रीय लीगमध्ये तो अवघ्या दोन गुणांनी दुसरा आला. पहिला धेंपो. त्या एका वर्षी भारताचे विजेतेपद पणजी-मडगावच्या लोकांनी आपसांत वाटून घेतले म्हणायला हरकत नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिघेही देशाच्या लीगमधून बाहेर पडले. नवी लीग वर आणि जुनी लीग खाली, हा राष्ट्रीय संघटनेचा बेत त्यांना मान्य नव्हता.

उलटी वाटही आहे. मडगावच्या घराण्यातले लेखक ओर्लांदो दा कोस्ता यांचा मुलगा आंतोनियो कोस्ता पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. घरचे त्याचे नाव बाबुश, आणि तो कट्टर बेनफिकावाला. २०२० मध्ये क्लबाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराने मानाच्या समर्थक-यादीत त्याचे नाव घातले. त्या उमेदवाराभोवती कोर्टकचेऱ्यांची चर्चा होती, म्हणून गहजब झाला आणि शेवटी सरकारी पदांवरच्या सगळ्यांची नावे काढावी लागली. पंतप्रधान म्हणून चुकलेच. पण कोकणी टोपणनाव लावणारा माणूस लिस्बनमधल्या क्लबाच्या निवडणुकीत अडचणीत येतो, हे वाचताना मला शिवोलीचे ते फादर आठवले.

डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसला तेव्हा काहींनी काळे झेंडे दाखवले: मुक्तीची साठी चालू असताना पोर्तुगिजाचा पुतळा? पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग मात्र चालूच राहिली. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी रोनाल्डोचा अल नासर संघ फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला. संघाचे प्रशिक्षक होते जॉर्ज जेझुस, बेनफिकाला २०१३ आणि २०१४ चे ते दोन्ही अंतिम सामने हरताना ज्यांनी बाकावरून पाहिले तेच. लोकांनी वाट पाहिली ती रोनाल्डोची. तो आलाच नाही. अल नासरने दोन गोल केले, आणि मध्यंतराच्या थोडे आधी एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने एक परतवला.